परदेशी विद्यापीठाशी करार झाला, म्हणजे नेमकं काय झालं?

मुंबईतल्या जवळपास कुठल्याही कॉलेजच्या वेबसाइटवर एक फोटो हमखास सापडतो. लांब टेबल, त्यावर दोन छोटे झेंडे, मागे बॅनर आणि दोन्हीकडचे मान्यवर हातात फाइल धरून उभे. खाली ओळ असते: अमुक देशातल्या तमुक विद्यापीठाशी सामंजस्य करार. प्रवेशाच्या दिवसांत पालक हाच फोटो मोबाइलवर दाखवतात आणि विचारतात, ‘मॅडम, म्हणजे डिग्रीवर त्यांचंही नाव येणार ना?’

मी कॉलेजात शिकवते आणि परदेशी संस्थांशी होणाऱ्या व्यवहाराच्या फायली माझ्या कपाटात असतात. त्यामुळे हा प्रश्न माझ्याकडेच येतो. उत्तर बहुतेक वेळा ‘नाही’ असं असतं, आणि ते ऐकून पालकांचा चेहरा पडतो. पण त्या ‘नाही’च्या पलीकडे विद्यार्थ्याच्या कामाचं बरंच काही असू शकतं. ते कोणी नीट समजावून सांगत नाही, म्हणून हा लेख.

सामंजस्य करार, ज्याला सगळे एमओयू म्हणतात, हा दोन-तीन पानांचा कागद असतो. एकत्र काम करायची दोघांची इच्छा आहे एवढंच तो सांगतो. मुदत साधारण तीन ते पाच वर्षं. विद्यार्थ्यांची देवाणघेवाण, प्राध्यापकांच्या भेटी, संयुक्त संशोधन, परिषदा अशी एक यादी त्यात असते आणि शेवटाकडे एक कलम असतं, की या करारामुळे कोणत्याही बाजूवर आर्थिक वा कायदेशीर बंधन येत नाही. यात फसवाफसवी काही नाही. यादीतल्या प्रत्येक कामासाठी पुढे वेगळा, बांधील करार करायचा असतो: विद्यार्थी पाठवायचे तर त्याचा, संशोधनाचा त्याचा, पदवी मिळून द्यायची तर त्याचा. अडचण एवढीच, की हा दुसरा कागद बहुतेक वेळा होतच नाही. मग पहिल्याची मुदत संपते आणि ती संपली हे दोन्हीकडे कुणाच्या लक्षातही येत नाही.

असे निपचित पडलेले करार इतके का साठतात? आपल्याकडचं एक कारण नॅक, म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करणारी राष्ट्रीय संस्था. कॉलेजच्या मूल्यांकनात देशी-परदेशी संस्थांशी किती करार आहेत हे विचारलं जात आलं आहे. तिथे ‘कार्यरत’ करार अपेक्षित असतात, पण आकडा दाखवायची घाई झाली की तो शब्द गळतो. परदेशातल्या विद्यापीठांनाही त्यांच्या गरजा असतात. जागतिक क्रमवारीत परदेशी विद्यार्थी, परदेशी प्राध्यापक आणि इतर देशांतल्या संशोधकांबरोबर लिहिलेले निबंध यांना गुण आहेत. शिवाय आपल्याकडची मुलं त्यांच्याकडे एम.एस. किंवा एम.ए.ला फी भरून यावीत, ही इच्छा तर असतेच. ती असण्यात गैर काही नाही. फक्त समोरचा आपल्याशी हात का मिळवतो आहे हे टेबलावर बसण्याआधी कळलेलं बरं.

मुंबईतल्या तीन जुन्या गोष्टी

आंतरराष्ट्रीय भागीदारी ही गेल्या दहा-वीस वर्षांतली फॅशन आहे असं पुष्कळांना वाटतं. या शहराचा इतिहास वेगळं सांगतो, आणि तो फार शिकवणारा आहे.

१८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झालं ते लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर. कलकत्ता आणि मद्रासचंही तसंच. ती भागीदारी नव्हती, वरून आलेला साचा होता. साठेक वर्षांनी महर्षी धोंडो केशव कर्व्यांनी जे केलं ते मात्र अगदी निराळं. जपानमधल्या महिला विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका त्यांच्या वाचनात आली. इंग्लंडकडे न बघता त्यांनी आशियातल्याच एका देशाकडे बघितलं आणि १९१६ साली भारतीय महिलांसाठी विद्यापीठ सुरू केलं. तेच आजचं एसएनडीटी. त्याचं मुख्यालय १९३६ मध्ये मुंबईत आलं. पुढे जगप्रवासात कर्वे टोकियोचं ते विद्यापीठ स्वतः पाहूनही आले. सही-शिक्का कशावरच नव्हता. आपल्याला काय हवं हे मात्र त्यांना पक्कं माहीत होतं.

दुसरी गोष्ट समाजशास्त्र विभागाची. १९१९ साली मुंबई विद्यापीठाने समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्राचा विभाग काढला आणि त्यावर स्कॉटलंडचे पॅट्रिक गेडिस यांना नेमलं. गेडिस यांच्या नजरेत एक तरुण भरला: मालवणचे, संस्कृत घेऊन एम.ए. झालेले गोविंद सदाशिव घुर्ये. शिष्यवृत्ती देऊन त्यांना इंग्लंडला पाठवलं गेलं. केंब्रिजला रिव्हर्स आणि नंतर हॅडन या मानववंशशास्त्रज्ञांच्या हाताखाली शिकून, पीएच.डी. घेऊन ते परतले आणि १९२४ मध्ये त्यांनी हाच विभाग हाती घेतला. इरावती कर्वे, एम. एन. श्रीनिवास ही पुढे समाजाचे अभ्यासक म्हणून नावाजलेली मंडळी या विभागातून, घुर्यांच्या हाताखालून गेली. बाहेरून एक माणूस आला, त्याने इथला एक माणूस हेरला, विद्यापीठाने त्याच्यावर पैसे खर्च केले, आणि परत आल्यावर त्याला बसायला जागा दिली. यातलं शेवटचं पाऊल आज सर्वांत जास्त चुकतं. परदेशात सहा महिने राहून, नवी पद्धत शिकून आलेल्या प्राध्यापकाला परत आल्यावर तोच जुना अभ्यासक्रम आणि आठवड्याचे तेवढेच तास मिळतात. मग गेलेला पैसा आणि शिकलेलं ज्ञान दोन्ही एका माणसाच्या बायोडेटात अडकून राहतात.

तिसरी पवईची. आयआयटी मुंबई १९५८ मध्ये सुरू झाली ती युनेस्कोच्या मार्फत आलेल्या सोव्हिएत मदतीने. पहिली शंभर मुलं वरळीला ‘सस्मिरा’ या कापड-संशोधन संस्थेच्या इमारतीत शिकली, पवईची इमारत नंतर. मदतीची वाटणी बघण्यासारखी आहे. यंत्रसामग्री आणि तज्ज्ञ प्रामुख्याने सोव्हिएत संघाकडून; इमारती आणि दरवर्षीचा चालू खर्च भारत सरकारचा. शिवाय इथल्या प्राध्यापकांना तिकडे प्रशिक्षणासाठी पाठवण्याच्या शिष्यवृत्त्या करारातच होत्या. तज्ज्ञ आपल्या देशी परत गेल्यावर काय, याचं उत्तर सुरुवातीलाच लिहून ठेवलेलं होतं. आजच्या करारांच्या मसुद्यात मी हे कलम शोधते आणि ते क्वचितच सापडतं.

पदवी कोणाची?

आता पालकांच्या प्रश्नाकडे. विद्यापीठ अनुदान आयोगाने मे २०२२ मध्ये नियम केले. त्यानुसार भारतीय आणि परदेशी संस्था मिळून तीन प्रकारचे अभ्यासक्रम चालवू शकतात. तीनही नावं सारखीच ऐकू येतात, म्हणून नीट लक्ष द्या.

ट्विनिंग: मुलगा प्रवेश इथे घेतो, काही भाग तिकडे शिकतो. तिकडून मिळवलेली क्रेडिट, म्हणजे विषय पूर्ण केल्यावर मिळणारे श्रेयांक, ३० टक्क्यांपेक्षा जास्त असू शकत नाहीत. पदवी भारतीय संस्थेचीच.

संयुक्त पदवी: अभ्यासक्रम दोघांनी मिळून आखायचा, प्रत्येकाकडून किमान ३० टक्के क्रेडिट घ्यायची. शेवटी एकच प्रमाणपत्र, त्यावर दोघांची बोधचिन्हं. पालकांच्या डोक्यात जे असतं ते हे.

दुहेरी पदवी: एकाच विषयात, एकाच पातळीच्या दोन पदव्या, दोन संस्थांच्या, वेगवेगळ्या प्रमाणपत्रांवर. दोघांच्याही अटी पूर्ण कराव्या लागतात आणि भारतीय संस्थेतून किमान ३० टक्के क्रेडिट हवीत. एक पदवी वाणिज्यची आणि दुसरी संगीताची, असा प्रकार यात बसत नाही.

हे सगळं कोण करू शकतं? भारतीय संस्थेला नॅकचे ४ पैकी किमान ३.०१ गुण असावेत, किंवा ती एनआयआरएफ या सरकारी क्रमवारीतल्या विद्यापीठांच्या यादीत पहिल्या १०० मध्ये असावी, किंवा तिला सरकारने दिलेला ‘इन्स्टिट्यूशन ऑफ एमिनन्स’चा दर्जा असावा. परदेशी संस्था टाइम्स किंवा क्यूएस या जागतिक क्रमवारींपैकी एकीत पहिल्या १,००० मध्ये हवी. नियमांत बसून मिळालेली पदवी भारतात त्या पातळीच्या इतर पदवीइतकीच ग्राह्य. तिच्यासाठी वेगळं समकक्षता प्रमाणपत्र आणावं लागत नाही. पूर्ण ऑनलाइन किंवा दूरशिक्षणाचे अभ्यासक्रम या नियमांत येत नाहीत. आणि फ्रँचायझी पद्धतीला, म्हणजे परदेशी संस्थेचं नाव लावून तिच्या वतीने इथे कुणीतरी वर्ग भरवण्याला, सरळ मनाई आहे. एखाद्या चकचकीत जाहिरातीत ‘परदेशी पदवी, मुंबईत बसून’ असं लिहिलेलं दिसलं, तर यातला कुठला प्रकार आहे हे लेखी विचारा. ज्यांच्याकडे खरा करार आहे ते पाच मिनिटांत उत्तर देतात.

पीएच.डी.साठी पद्धत थोडी निराळी: दोन्हीकडे एकेक मार्गदर्शक, दोन्ही संस्थांत किमान एकेक सत्र राहणं, आणि प्रबंध मात्र एकच. याचं मुंबईतलं जुनं आणि चालतं उदाहरण पवईलाच आहे. आयआयटी मुंबई आणि ऑस्ट्रेलियातलं मोनॅश विद्यापीठ यांची संयुक्त संशोधन अकादमी २००८ पासून आहे. विद्यार्थ्याचा बराचसा काळ पवईत जातो, काही महिने मेलबर्नला, आणि मार्गदर्शक दोन्हीकडचे.

यातला कुठलाच प्रकार नसेल, तर उरतं ते साधं एक्स्चेंज: एक सत्र तिकडे, बाकी सगळं इथे, पदवी इथलीच. बहुसंख्य कॉलेजांच्या आवाक्यातलं हेच आहे. याला कमी लेखू नये. एकोणीस-वीस वर्षांच्या मुलीने चार महिने दुसऱ्या भाषेच्या शहरात, स्वतःचा स्वयंपाक करत, अनोळखी पद्धतीने परीक्षा देऊन परत येणं, हे तिच्या पुढच्या कित्येक निर्णयांत उपयोगी पडतं.

क्रेडिटचा हिशेब

हे काम सगळ्यांत किचकट आणि सगळ्यांत दुर्लक्षित. भागीदारी चालणार की नाही हे इथे ठरतं, म्हणून मी इथे जरा थांबते.

दादर स्टेशनचं उदाहरण घ्या. डिसेंबर २०२३ पर्यंत तिथे पश्चिम रेल्वेलाही एक नंबरचा प्लॅटफॉर्म होता आणि मध्य रेल्वेलाही. ‘एक नंबरला भेटू’ असं ठरवून दोन माणसं पुलाच्या दोन बाजूंना उभी राहायची. क्रेडिटचं तसंच होतं. दोन्हीकडे ‘क्रेडिट’ म्हणतात, पण आत भरलेलं वेगळं असतं.

आपल्याकडे राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यानुसार वर्षाला ४० क्रेडिट आणि एका क्रेडिटमागे अभ्यासाचे ३० तास धरतात. वर्षाचे १,२०० तास. युरोपात वर्षाला ६० क्रेडिट आणि एका क्रेडिटमागे २५ ते ३० तास. वर्षाचे १,५०० ते १,८००. म्हणजे संख्येला संख्या लावली तर आपल्या मुलीला युरोपात सत्रभर अर्धवट काम करून पूर्ण क्रेडिट मिळतील; तासांना तास लावले तर तिला तिकडच्या मुलांपेक्षा कमी काम करूनही चालेल; आणि वर्षाला वर्ष लावलं तर आपलं एक त्यांच्या दीडाबरोबर येतं. तिसरा मार्ग सगळ्यांत न्याय्य, कारण एक सत्र म्हणजे एक सत्र, हे कुणालाही पटतं. कोणता मार्ग घेणार हे करारात लिहिलेलं असलं पाहिजे. नसेल, तर मुलगी परत आल्यावर परीक्षा विभागातला कारकून ठरवतो. त्याच्यापुढे दुसरा पर्यायच नसतो.

आता प्रत्यक्ष बघू. समजा, माटुंग्याच्या एका स्वायत्त कॉलेजातली समाजशास्त्राची मुलगी जर्मनीला एका सत्रासाठी निघाली आहे. इथे तिला सत्रात २० क्रेडिट हवीत: मेजरचे, म्हणजे मुख्य शाखेचे, चार-चार क्रेडिटचे तीन विषय, मायनरचा, म्हणजे जोडशाखेचा, एक चार क्रेडिटचा आणि आणखी चार इकडचे तिकडचे. चार क्रेडिटच्या विषयाला तिकडे सहा क्रेडिटचा जोडीदार शोधायचा. ‘शहरी समाजशास्त्र’ मिळालं, सहाचं. छान. ‘संशोधन पद्धती’ मिळाली, पण पाचची. पाच म्हणजे आपले ३.३३. राहिलेल्या ०.६७ चं काय करायचं? ‘भारतीय समाज’ तर तिकडे नाहीच. मग विभागप्रमुखांनी ठरवायचं, की ‘स्थलांतर आणि युरोप’ हा विषय त्याच्या जागी चालेल का. अभ्यास मंडळाने होकार दिला तर उत्तम. अडून बसलं, तर मुलीला परत आल्यावर तो पेपर केटीसारखा द्यावा लागणार. हे सगळं एका पानाच्या तक्त्यात बसतं: डावीकडे इथले विषय, उजवीकडे तिथले, खाली तीन सह्या: विद्यार्थिनीची, इथल्या विभागाची, तिथल्या विभागाची. युरोपात १९८७ पासून चालू असलेल्या इरास्मुस देवाणघेवाणीत या कागदाला लर्निंग अ‍ॅग्रीमेंट म्हणतात. विमानाचं तिकीट काढायच्या आधी या पानावर तिन्ही सह्या हव्यात. कुलगुरूंच्या सहीचा मोठा करार फ्रेम करून भिंतीवर असला तरी मुलीचं वर्ष वाचवतं ते हे एक पान.

मग गुण. जर्मनीत १.० सर्वोत्तम, ४.० म्हणजे जेमतेम पास. आपल्याकडे दहापैकी दहा सर्वोत्तम. तिकडचा १.३ हा आकडा पाहून इथे कुणीतरी ‘नापास’ समजण्याची शक्यता अगदी खरी आहे. रूपांतरासाठी एक सूत्र सर्रास वापरतात: कमाल गुणांतून मिळालेले गुण वजा करा, त्याला कमाल आणि किमान उत्तीर्ण गुणांतल्या फरकाने भागा, तीनने गुणा, एक मिळवा. आपली कमाल १० आणि पास व्हायला ४ धरले, तर ८ मिळवणाऱ्या मुलीचा जर्मन आकडा येतो २.०. उलट दिशेनेही तेच सूत्र फिरवता येतं. काही विद्यापीठं ही भानगड नको म्हणून परदेशातल्या विषयांना फक्त ‘उत्तीर्ण’ लिहितात. मुलांच्या दृष्टीने ते अन्यायाचं आहे. चार महिने जीव तोडून केलेल्या अभ्यासाची सरासरीत दखलच राहत नाही.

आणि कॅलेंडर. जर्मनीतलं हिवाळी सत्र ऑक्टोबरला सुरू होतं, वर्ग फेब्रुवारीपर्यंत. ऑक्टोबरात आपलं जून-जुलैचं सत्र अर्ध्याच्या पुढे गेलेलं असतं आणि फेब्रुवारीत डिसेंबरचं सुरू होऊन मध्यावर आलेलं. एका सत्रासाठी गेलेल्या मुलीची इथली दोन सत्रं तुटतात. उन्हाळी सत्र एप्रिल ते जुलै: तेव्हा आपल्या परीक्षा. ऑस्ट्रेलियाचं दुसरं सत्र मात्र जुलैच्या अखेरीस सुरू होऊन नोव्हेंबरपर्यंत संपतं, जवळपास आपल्या पहिल्या सत्राबरोबर. भागीदार निवडताना नाव, क्रमवारी, देश सगळं बघतात; कॅलेंडर शेजारी ठेवून बघणारे थोडे. मी तर म्हणेन ते सगळ्यांत आधी बघा.

पैसे, आणि हॉस्टेल

एक्स्चेंजचा पाया फीमाफीवर उभा असतो. आपली मुलगी फी इथेच भरते, तिकडे भरत नाही; तिकडचा विद्यार्थी त्याची फी तिकडे भरून इथे फुकट शिकतो. परदेशात लाखांत जाणारी फी वाचते ती अशी. राहणं, जेवण, विमा, विमान, व्हिसा हा खर्च तिचा. जर्मनीचा विद्यार्थी व्हिसा घेताना वर्षभराच्या खर्चाची रक्कम साधारणपणे बंदिस्त खात्यात दाखवावी लागते, आणि सप्टेंबर २०२४ पासून ती ११,९०४ युरो आहे. सत्रासाठी जाणाऱ्याला कालावधीच्या प्रमाणात. मध्यमवर्गीय घरातही हा आकडा ऐकून चर्चा थांबते. म्हणून शिष्यवृत्तीचा उल्लेख नसलेला एक्स्चेंज करार हा प्रत्यक्षात फक्त पैसेवाल्यांच्या मुलांसाठी असतो. कॉलेजने हे मान्य करून निदान एका विद्यार्थ्याचा प्रवासखर्च उचलावा, माजी विद्यार्थ्यांकडे मागावा. ते लोक देतात, मागितलं पाहिजे.

फीमाफीची गोम अशी, की ती तोलावर चालते. दोन मुलं गेली तर दोन यायला हवीत. आपल्याकडून जायला रांग, तिकडून यायला कोणी नाही, असं दोन-तीन वर्षं झालं की समोरचं विद्यापीठ हळूच म्हणतं, ‘यंदा जागा नाहीत.’ मग प्रश्न येतो: मुंबईत परदेशी विद्यार्थी का येत नाहीत? शहराचं आकर्षण तर प्रचंड आहे. शहररचना, सिनेमा, बंदर, गिरणगाव, सार्वजनिक आरोग्य, काय नाही अभ्यासायला! अडतं ते राहण्यापाशी. दक्षिण मुंबईत बाहेरगावच्या आपल्याच मुलांना हॉस्टेल मिळत नाही. परदेशी नागरिक राहायला आला की ज्याच्याकडे तो राहतो त्याने २४ तासांत ऑनलाइन फॉर्म भरायचा असतो. पेइंग गेस्ट ठेवणाऱ्या काकूंना हे कोणी सांगितलेलं नसतं आणि कळल्यावर त्या नको म्हणतात. १८० दिवसांपेक्षा जास्त मुक्काम असेल तर विद्यार्थ्याला परदेशी नागरिकांच्या नोंदणी कार्यालयात नाव नोंदवावं लागतं. तिथे सोबत जाणारा माणूस कॉलेजकडे हवा. ज्या संस्थेकडे चार खोल्या राखीव आहेत आणि हे कागद हसतमुखाने करणारा एक कर्मचारी आहे, तिची भागीदारी टिकते. या कर्मचाऱ्याला कोणी फोटोत घेत नाही, पण अवघं त्याच्यावर चालतं.

संशोधनात कोणाच्या हाती काय

संशोधनाच्या भागीदारीबद्दल मला फार तळमळीने सांगायचं आहे.

मुंबई हे जगभरच्या संशोधकांना हवं असलेलं शहर आहे. धारावी, क्षयरोग, पूर, लोकलची गर्दी, खारफुटी. प्रस्ताव बहुधा असा येतो: निधी त्यांचा, प्रश्न त्यांचे, प्रश्नावली त्यांची. आपल्या मुलांनी पावसात गोवंडी-मानखुर्दच्या गल्ल्या फिरून मुलाखती घ्यायच्या, मराठी-हिंदीतून इंग्रजी करायच्या आणि एक्सेलच्या फायली पाठवायच्या. निबंध छापून येतो तेव्हा आपली नावं मधे कुठेतरी, किंवा आभारात. विद्यार्थ्याला अनुभव मिळाला असं म्हणायचं आणि पुढे जायचं. मी याला भागीदारी म्हणायला तयार नाही.

हे बदलायची जागा प्रकल्प सुरू होण्याआधीची, म्हणजे संशोधन करारात. तिथे चार गोष्टी शब्दांत लिहून घ्याव्यात. संशोधनाचा प्रश्न दोघांनी मिळून ठरवला आहे का? गोळा केलेली माहिती कोणाच्या सर्व्हरवर राहणार आणि पाच वर्षांनी आपल्या विद्यार्थ्याला ती वापरता येणार का? निबंधात पहिलं नाव कसं ठरणार? काही शोध लागला, पेटंट निघालं, तर हक्क कसा वाटणार? पैशांइतकंच महत्त्व याला द्यावं. अनेक प्राध्यापकांना हे विचारायला संकोच वाटतो, समोरचे रागावतील असं वाटतं. चांगले संशोधक रागावत नाहीत. त्यांच्या विद्यापीठातले लोकही त्यांना हेच विचारतात.

आरोग्याचा विषय असेल तर आणखी एक पायरी आहे. परदेशी सहभाग किंवा परदेशी निधी असलेल्या आरोग्य संशोधनाला आयसीएमआर, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, हिच्यामार्फत चालणाऱ्या आरोग्य मंत्रालयाच्या तपासणी समितीची मंजुरी लागते. संस्थेच्या नैतिकता समितीची असतेच. वनस्पती, जीवाणू, अशा जैविक गोष्टींचे नमुने देशाबाहेर पाठवायचे तर २००२ चा जैवविविधता कायदा लागू होतो. परळच्या किंवा भायखळ्याच्या एखाद्या हॉस्पिटलबरोबर प्रकल्प आखणाऱ्यांनी या मंजुऱ्यांचे महिने वेळापत्रकात आधीच धरावेत. परदेशातला भागीदार ‘तीन महिन्यांत सुरू करू’ म्हणतो तेव्हा त्याला हे शांतपणे, लेखी सांगावं.

नवी मुंबईतली विद्यापीठं

गेल्या वर्ष-दोन वर्षांत एक गोष्ट यात मिसळली गेली आहे. जून २०२५ मध्ये मुंबईत झालेल्या कार्यक्रमात पाच परदेशी संस्थांना इथे परिसर उघडण्यासाठी इरादापत्रं दिली गेली: अ‍ॅबरडीन, यॉर्क, वेस्टर्न ऑस्ट्रेलिया, इलिनॉय इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी आणि इटलीचं इस्तितुतो युरोपेओ दी डिझाइन. नव्या विमानतळाच्या परिसरात शिक्षणनगरीची योजना आहे. याला २०२३ चे वेगळे नियम लागू होतात. ही भागीदारी नव्हे. तिथे शिकवणारं विद्यापीठ त्यांचं, पदवी त्यांची, फी त्यांनी ठरवलेली. आपल्या कॉलेजांचा त्यात आपोआप वाटा काही नाही. वाटा हवा असेल तर शेजार साधून घ्यावा लागेल. मेलबर्न किंवा शिकागोला जायला व्हिसा लागतो. पनवेलला जायला हार्बर लोकल पुरते. एका शनिवारी दोन्हीकडची मुलं एका वर्गात बसली, एक प्रयोगशाळा वाटून घेतली, तर ते करायला फार मोठा कागद लागणार नाही.

सुरुवात कुठून

ज्या कॉलेजला हे खरंच करायचं आहे त्याने यादी छोटी ठेवावी. पंधरा करारांपेक्षा दोन विद्यापीठं पुरतात. सुरुवात दोन शिक्षकांपासून करावी: एक इथला, एक तिथला, ज्यांनी एकमेकांचं काम वाचलेलं आहे. त्यांनी पहिल्या सत्रात फक्त एक विषय मिळून शिकवावा, ऑनलाइन. मुंबईची आणि जर्मनीची वेळ साडेतीन-साडेचार तासांनी वेगळी. आपली दुपार ही त्यांची सकाळ, म्हणजे वर्ग सहज जमतो. शिकागोशी साडेदहा-साडेअकरा तासांचं अंतर, तिथे कुणीतरी रात्री जागणार हे गृहीत धरा आणि दर आठवड्याला तेच जागणार नाहीत असं बघा. मुलांना मिश्र गटांत एखादं काम द्यावं: दोन शहरांतल्या भाड्याच्या घरांची तुलना, दोन नद्यांचं पाणी, काहीही. यात किती मुलं टिकली, शिक्षकांचं पटलं का, ईमेलला उत्तर किती दिवसांत येतं, हे एका सत्रात कळतं. पटलं तर मग दोन विद्यार्थी पाठवण्याचा करार करावा, आणि तेही जमलं की संयुक्त पदवीचा विचार.

दोन्हीकडे एकेक दुसरं नावही करारात असू द्यावं. पुढाकार घेणारे सर निवृत्त झाले किंवा तिकडच्या मॅडम दुसऱ्या विद्यापीठात गेल्या, की सगळं थंडावतं. पत्रव्यवहार त्यांच्या वैयक्तिक ईमेलमध्ये असतो आणि पासवर्डबरोबर जातो. कॉलेजचा एक स्वतंत्र ईमेल पत्ता काढावा, फाइल दोघांना माहीत असावी.

करार वाचताना मी शेवटचं पान आधी उघडते, कारण मोडल्यास काय, हे तिथे असतं. तिकडच्या सरकारने निधी आटवला, व्हिसाचे नियम बदलले, दोन देशांचे संबंध बिघडले, यातलं काहीही होऊ शकतं. तेव्हा मधेच अडकलेल्या मुलांचं काय? २०२२ च्या नियमांतही याची तरतूद आहे: ज्यांना संयुक्त अभ्यासक्रम पुरा करता येणार नाही त्यांच्यासाठी बाहेर पडायची वाट आणि मिळवलेली क्रेडिट कशी धरणार हे संस्थेने स्पष्ट करायचं. चांगल्या करारात एक वाक्य असतं, की करार संपला तरी आधीच प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्यांचा अभ्यासक्रम त्याच अटींवर पूर्ण करून दिला जाईल. पालकांनी फी भरण्याआधी कॉलेजकडे त्या पानाची झेरॉक्स मागावी, आणि कॉलेजने ती द्यावी.